व्हीआर ध्यान घरी सुरू करताना: किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

आमचा मुलगा नववीत गेला त्या जूनमध्ये शाळेतल्या समुपदेशक बाईंनी त्याला रोज पाच मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव सुचवला होता. तो तीन दिवस बसला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "आई, डोळे मिटले की मला श्वास नाही, शेजारच्या काकूंचा मिक्सर ऐकू येतो." मुलुंडच्या वन-बीएचकेमध्ये, खाली रिक्षा स्टँड आणि मागे रेल्वेचे रूळ असताना, ही तक्रार खोटी नव्हती. त्यातूनच व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, सभोवती आभासी जग दाखवणारा संच) घालून ध्यान करण्याचा विचार पुढे आला आणि पुढचे वर्षभर आम्ही तो प्रयोग केला. त्या वर्षात पैसे, वेळ आणि एकदा रात्रीचे जेवणही वाया गेले. तुमच्या घरात तेरा ते सतरा वयाचे मूल असेल आणि तुम्ही याच वाटेवर असाल, तर आमच्या चुका तुम्हाला पुन्हा कराव्या लागू नयेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

१. यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घ्या

आभासी वास्तवाचा (म्हणजे व्हीआरचा) वैद्यकीय उपयोग नवा नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात, भाजलेल्या रुग्णांच्या जखमा साफ करताना त्यांना हेडसेटमधून आभासी जगात, आणि पुढे एका बर्फाच्या दरीत, नेण्याचा प्रयोग सुरू केला. वेदना जाणवण्यासाठीही लक्ष लागते आणि माणसाजवळ लक्षाचा साठा मर्यादित असतो. तो साठा त्या बर्फाने व्यापला की वेदनेच्या वाट्याला कमी येतो, अशी त्यामागची मांडणी होती आणि रुग्णांना वेदना कमी जाणवल्याचे त्यात दिसूनही आले.

पालकांनी यातली मेख ओळखावी. हेडसेट लक्ष खेचून घेतो. जखम साफ होत असताना तेवढे पुरते. आपल्याला मात्र मुलाचे लक्ष खेचायचे नाही, ते त्याला स्वतःहून एका जागी आणता यावे अशी आपली अपेक्षा आहे. समोर निळा समुद्र असताना मुलगा दहा मिनिटे स्तब्ध बसला, म्हणजे त्याची एकाग्रता वाढली असे आम्हीही पहिल्या महिन्यात मानले होते. प्रत्यक्षात ती समुद्राची करामत होती. म्हणूनच हेडसेट हा पोहायला शिकताना पाठीला बांधायच्या डब्यासारखा वापरायचा आणि डबा कधी सोडायचा, हे डबा बांधतानाच ठरवायचे. खालची सगळी रचना याच हिशेबाने केलेली आहे.

सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या) सरावाबद्दलही अपेक्षा माफक ठेवा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आखलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम मोठ्या माणसांसाठी होता आणि ती माणसे आपणहून आली होती. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतील आठ हजारांवर मुलांवर झालेल्या 'मिरियड' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वर्गात सरसकट शिकवलेल्या सजगतेचा नेहमीच्या तासांपेक्षा वेगळा फायदा त्यात आढळला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता, हेही त्यात नोंदवलेले आहे. यावरून मी एवढाच बोध घेतला की मुलाची इच्छा नसेल तर हेडसेट विकत घेऊ नये.

विक्रेते आणि जाहिराती 'एफडीएची मान्यता' हा शब्दप्रयोग सढळ हाताने करतात, त्याला भुलू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०२० मध्ये ८ ते १२ वयाच्या, एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असलेल्या मुलांसाठी ज्या खेळाला परवानगी दिली, तो टॅबलेटवरचा खेळ आहे, व्हीआर नव्हे. २०२१ मध्ये ज्या व्हीआर उपचाराला परवानगी मिळाली, तो प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी आहे. या दोहोंपैकी कशाचाही तुमच्या मुलाच्या ध्यानाशी संबंध नाही.

२. खरेदीआधी डॉक्टर आणि चष्म्याचे दुकान

आम्ही हा टप्पा खरेदीनंतर केला. क्रम चुकला होता.

मुलाला कधीही फिट आली असेल, घरात कोणाला अपस्माराचा त्रास असेल, अर्धशिशी असेल, तिरळेपणावर किंवा आळशी डोळ्यावर उपचार चालू असतील, कानाच्या आतल्या भागाचा त्रास असेल किंवा मूल सध्या चिंता, नैराश्य, एखाद्या धक्क्यातून सावरणे अशा कारणांसाठी उपचार घेत असेल, तर त्या-त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रकाशाच्या लखलखाटामुळे साधारण ४,००० पैकी एका व्यक्तीला तीव्र चक्कर किंवा झटके येऊ शकतात, अशी सूचना हेडसेटच्या कंपन्या स्वतःच छापतात. बहुतेक लोक ती पानभर सूचना न वाचता 'मान्य' वर बोट ठेवतात. आम्हीही तेच केले होते.

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घ्या आणि त्याच वेळी 'पीडी' मोजून मागा. दोन्ही बाहुल्यांमधले हे अंतर मिलिमीटरमध्ये असते. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ च्या आसपास असते, पण वाढत्या वयातल्या मुलांत ते कमी असू शकते. हेडसेटची भिंगे या अंतराशी जुळली नाहीत तर चित्र धूसर दिसते, डोके जड होते आणि मूल म्हणते, "ध्यानाने डोके दुखते." आमच्या मुलाचा पीडी ६२ निघाला आणि भिंगे मात्र पेटीतून आली तशी सगळ्यात अरुंद खुणेवर होती. ती मधल्या खुणेवर सरकवल्यावर दोन आठवड्यांची डोकेदुखी एका संध्याकाळी थांबली.

३. कोणता संच घ्यावा

स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे मोबाइल आत सरकवायचा डबा. गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा डबा आणला, तेव्हापासून हा प्रकार रुळला. आपल्याकडे २०२३ मध्ये आयपीएलच्या वेळी आलेला जिओडाइव्ह याच जातीचा असून तेव्हा त्याची किंमत १,२९९ रुपये होती. असा डबा मान कुठे वळली एवढेच ओळखतो. शरीर पुढे झुकले किंवा बाजूला सरकले तर चित्राला त्याचा पत्ता नसतो. नेमक्या याच विसंगतीमुळे मळमळते. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय एक सांगते, डोळे दुसरेच सांगतात आणि पोट निकाल देते. आमचे वाया गेलेले जेवण ते याच डब्यामुळे. शिवाय आतला मोबाइल तापतो आणि ऐन शांततेत कोणाचा तरी संदेश टपकतो. मुलाला हा प्रकार आवडतो की नाही एवढेच पाहायचे असेल, तर पाच मिनिटांच्या स्थिर दृश्यापुरता डबा चालेल.

दुसरा प्रकार स्वतंत्र हेडसेटचा. मेटा कंपनीचा क्वेस्ट २ हा २०२० मध्ये, क्वेस्ट ३ हा २०२३ मध्ये आणि क्वेस्ट ३एस हा २०२४ मध्ये आला. हे संच शरीराची हालचालही ओळखतात, त्यामुळे मळमळ बरीच कमी होते. वजन मात्र तिन्हींचे अर्ध्या किलोच्या घरात आहे आणि ते सगळे कपाळावर व गालांवर येते. बैठक दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये, याचे हेही एक साधे कारण आहे. ध्यानासाठी सर्वांत महागड्या संचाची गरज नाही, कारण स्थिर दृश्य आणि आवाज यांपलीकडे आपण काहीच मागत नाही.

क्वेस्ट २चे उत्पादन आता बंद झालेले असल्यामुळे जुने संच बरेच फिरतात. आम्हीही तसाच घेतला. घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. संच दुकानातच चालू करून पाहा. तो आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेला असेल तर घरी आल्यावर तो निव्वळ कागद दाबायचा दगड ठरतो. 'वापरलाच नाही' असे सांगून आम्हाला विकलेल्या संचावर एका अनोळखी गृहस्थाचे खाते निघाले आणि त्या विक्रेत्याकडे आम्हाला चार फेऱ्या माराव्या लागल्या. दुसरे, क्वेस्ट २च्या चेहऱ्याला लागणाऱ्या फोममुळे त्वचेवर चट्टे येत असल्याच्या तक्रारींवरून २०२१ मध्ये कंपनीने तो भाग परत बोलावला होता आणि त्यावर चढवायचे सिलिकॉनचे आवरण दिले होते. ते आवरण सोबत आहे का, ते विचारा. तिसरे, परदेशातून आयात केलेल्या संचाची हमी आपल्याकडे चालते का, हे तोंडी न विचारता बिलावर लिहून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात असो वा ऑनलाइन, बिलावर जीएसटी क्रमांक आणि संचाचा अनुक्रमांक हवाच.

४. जवळ काय काय असावे

कागदपत्रे आणि तपशील: मुलाच्या चष्म्याच्या नंबराचा कागद, त्यावर पीडी, आवश्यक असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी, खरेदीचे बिल, पालकाचा आणि मुलाचा असे दोन वेगळे ईमेल, मुलाची खरी जन्मतारीख, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले पालकाचे कार्ड. २०२० पासून नव्या कार्डांवर असे व्यवहार मुळात बंद असतात आणि ते बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावे लागतात. खरेदी झाली की ते पुन्हा बंद करा.

वस्तू: पाठ टेकता येईल अशी, चाके नसलेली खुर्ची; चष्मा पुसायचे मऊ, कोरडे फडके; झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या; एक वही; स्वयंपाकघरातला टाइमर. मोबाइलचा टाइमर नको, कारण मोबाइल हाती आला की तो फक्त टाइमरपुरता राहत नाही.

५. खाते उघडताना

मेटाच्या नियमांनुसार १० ते १२ वयाच्या मुलांसाठी पालकांनी चालवायचे खाते असते आणि १३ वर्षांपासून किशोरांचे खाते उघडता येते. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआर२ साठी किमान वय १२ आहे. इथे सर्वांत मोठा सापळा म्हणजे जन्मतारीख. 'कटकट नको' म्हणून मूल स्वतःला वीस वर्षांचे दाखवते किंवा पालक आपल्याच खात्यावर त्याला बसवतात. तसे केले की अल्पवयीनांसाठी असलेली सगळी कुंपणे आपोआप निघून जातात आणि अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या खोल्या खुल्या होतात.

खरे वय टाकून पालक-देखरेख जोडा. त्यात कोणती अ‍ॅप उतरवायची याला मंजुरी देता येते, रोजची मर्यादा लावता येते आणि किती वेळ वापर झाला ते दिसते. ही देखरेख मुलापासून लपवता येत नाही, त्यानेही होकार द्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे. आम्ही दोघांनी शेजारी बसून ती लावली. त्यामुळे 'तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता' हा वाद एकदाच झाला आणि तिथेच संपला.

हेडसेटवर कॅमेरे आणि माइक असतात. मायक्रोफोनची परवानगी ध्यानाच्या अ‍ॅपला द्यायचे कारण नाही, ती काढून टाका. मन:स्थितीची रोज नोंद मागणारी अ‍ॅप असतात. तिथे मुलाने आपल्या उदासीचा हिशेब कोणत्या कंपनीला द्यावा, हा विचार तुम्ही करायचा आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालकच मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे, हे लक्षात असू द्या. आमची नोंद वहीत होते, आणि ती वही मुलाच्या कप्प्यात असते.

६. जागा

उभे राहून फिरण्यासाठी साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते असे सांगतात. मुंबईत एवढी जागा मोकळी करायची तर दिवाण जिन्यात न्यावा लागेल. सुदैवाने ध्यान बसून करायचे असते. संचात वावरण्याची सीमा ठरवावी लागते, तिथे 'स्थिर' सीमा निवडा आणि खुर्चीभोवती हात पसरता येतील एवढीच जागा ठेवा. पोटमाळ्यामुळे छत खाली आलेले असेल तर खुर्ची पंख्याच्या अगदी खाली ठेवू नका. बैठक संपल्यावर मुले हेडसेट काढण्याआधीच आळोखेपिळोखे देत उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

टेबलावरचा पंखा समोर ठेवल्यास घाम कमी येतो आणि वारा एका दिशेने लागत राहिल्यामुळे मुलाला आपण खोलीत कुठे तोंड करून बसलो आहोत याची जाणीव राहते, मळमळही कमी होते. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेल्या भिंगांवर वाफ धरते. पुसत बसू नका, पाच मिनिटे थांबा.

वेळ कोणती, हा प्रश्न आमच्या घरी सासूबाईंनी सोडवला. क्लासवरून आल्यावर लगेच मूल भुकेले असते, आणि झोपण्यापूर्वी तासभर तरी डोळ्यांसमोर असा पडदा नको. त्यांनी दिवेलागणीची वेळ सुचवली आणि वर, "आमच्या वेळी शुभंकरोतीला डोक्यावर डबा लागत नव्हता," हेही ऐकवले. वेळ मात्र अचूक निघाली. त्या वेळी घरात टीव्ही सुरू झालेला नसतो आणि शांत बसण्याची या घराला आधीपासूनच सवय आहे.

७. अ‍ॅप निवडताना

इथे फार वेळ घालवू नका. ट्रिप, गाइडेड मेडिटेशन व्हीआर, नेचर ट्रेक्स ही नावे तुम्हाला पहिल्याच शोधात दिसतील. ट्रिपमध्ये रंग, आकृत्या आणि आवाजाचे मार्गदर्शन असते; नेचर ट्रेक्समध्ये कुरणे, जंगल, समुद्राचा तळ असे प्रदेश असतात आणि कोणी काही बोलत नाही. यूट्यूबवर चारही बाजूंनी चित्रित केलेली ३६० अंशांची दृश्ये फुकट मिळतात, तेवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.

निवडीचा माझा निकष एकच आहे: दृश्य जितके कंटाळवाणे तितके चांगले. उडणे, तरंगत पुढे जाणे, गुण मिळवणे, सलग दिवसांची साखळी राखणे, असे काही ज्यात असेल ते टाळा. साखळी तुटू नये म्हणून बसणाऱ्या मुलाचे लक्ष श्वासावर नसते, साखळीवर असते.

मी पाहिलेल्या अ‍ॅपमधले मार्गदर्शन इंग्रजीत होते. मुलाला इंग्रजी समजते, परंतु त्या मधाळ आवाजातले उच्चार ऐकून त्याला हसू यायचे. शेवटी आम्ही अ‍ॅपमधला आवाज बंद केला आणि मी मोबाइलवर माझ्याच आवाजात सहा वाक्ये ध्वनिमुद्रित केली: "पाय जमिनीला टेकलेले आहेत का बघ. श्वास आत येतोय, येऊ दे. श्वास बाहेर जातोय, जाऊ दे. लक्ष कुठे गेले? गेले असेल तर गेले. परत ये." प्रत्येक वाक्यानंतर मिनिटभराची शांतता. हे कोणालाही जमेल आणि विकतच्या कोणत्याही मार्गदर्शनापेक्षा आम्हाला ते उपयोगी पडले.

'सात दिवस मोफत' हा नेहमीचा सापळा इथेही आहे. मुदत संपली की वर्गणी सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे जाण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, पण ती नेमकी लोकलच्या गर्दीत येते आणि वाचायची राहते. चाचणी सुरू केली त्याच दिवशी वर्गणी रद्द करून ठेवा.

८. पहिली बैठक

पहिल्या दिवशी आधी तुम्ही स्वतः घाला. मूल काय अनुभवणार आहे ते कळते, आणि आई डोक्यावर ते अवजड प्रकरण चढवून हवेत हात चाचपडते आहे हे पाहून मुलाची भीडही मोडते.

मग मुलाला खुर्चीत बसवा, दोन्ही तळपाय जमिनीवर. आधी मागचा पट्टा डोक्याच्या उतारावर खाली घ्या, नंतर पुढचा भाग डोळ्यांवर आणा; दाब गालांवर न येता मागे गेला पाहिजे. चष्मा असल्यास हेडसेट आधी पुढून घालून मग पट्टा मागे ओढायचा, नाहीतर काच भिंगावर घासते आणि एकदा पडलेला ओरखडा निघत नाही. चष्म्यासाठी जागा वाढवणारी सोय संचात असते, ती वापरा. अक्षरे स्पष्ट दिसेपर्यंत ध्यानाला सुरुवात करू नका.

हेडसेटमधले दृश्य तुमच्या मोबाइलवर पाहण्याची सोय आहे. पहिल्या आठवड्यात ती चालू ठेवा. मूल कोणत्या पडद्यावर अडकले आहे हे न दिसता बाहेरून "डावीकडे दाब, अरे डावीकडे" असे सांगत राहण्यात दोघांचीही शांती भंगते.

पहिली बैठक पाच मिनिटांची. मुलाला एवढेच सांगा की डोळ्यांनी एक गोष्ट निवड, एखादे पान किंवा लाट, आणि तिच्याकडे बघत श्वास येतो-जातो ते लक्षात घे. श्वास रोखायचा नाही, मोजूनमापून ओढायचा नाही. दमा असलेल्या मुलांच्या बाबतीत हे विशेष पाळा. घाम सुटला, तोंडाला पाणी सुटले, जांभया येऊ लागल्या, डोके जड झाले, की त्याच क्षणी हेडसेट काढायचा. 'थोडे सहन कर, सवय होईल' हा सल्ला इथे चुकीचा आहे. मळमळ सोसत बसलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी नुसता हेडसेट पाहूनच मळमळते.

काढल्यावर दहा मिनिटे तरी सायकल, जिना, रस्ता ओलांडणे नको. आमचा मुलगा पहिल्याच दिवशी हेडसेट काढून क्षणभर भिंतीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "समुद्र गेला, मिक्सर आला." पुढचा टप्पा नेमका या वाक्यापासून सुरू होतो.

९. हेडसेट काढल्यानंतरची मिनिटे

आमच्या वर्षभराच्या खटाटोपातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. हेडसेटमध्ये जितकी मिनिटे, तितकीच मिनिटे तो काढून त्याच खुर्चीत, त्याच स्थितीत बसायचे. डोळे अर्धे मिटलेले, नजर जमिनीवर. आता समुद्र नाही, पण श्वास तोच आहे. मिक्सर ऐकू आला तर मनात 'मिक्सर' म्हणायचे आणि श्वासाकडे परत यायचे. सुरुवातीला मुलगा या भागाला 'दंड' म्हणत असे, कारण पाच मिनिटे समुद्र आणि पाच मिनिटे भिंत हा सौदा त्याला अन्यायाचा वाटायचा. मी तो भाग दोन मिनिटांवर आणला आणि मग हळूहळू वाढवला.

आमचे वेळापत्रक असे होते. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा, पाच मिनिटे हेडसेट आणि दोन मिनिटे विना हेडसेट. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पाच आणि पाच. पाचव्यापासून हेडसेट तीन मिनिटांवर आणि नुसते बसणे सात मिनिटांवर. सातव्या आठवड्यापासून हेडसेट फक्त रविवारी, बाकीचे दिवस खुर्ची आणि टाइमर. तुमच्या मुलाला यापेक्षा जास्त आठवडे लागू शकतात. दिशा मात्र हीच असावी. हेडसेटची मिनिटे वाढत चालली असतील, तर ध्यान थांबून करमणूक सुरू झाली आहे असे समजा आणि आठवडाभर संच कपाटात ठेवा.

प्रगती मोजताना अ‍ॅपमधल्या 'शांततेच्या गुणां'कडे लक्ष देऊ नका. आम्ही वहीत दोनच गोष्टी लिहिल्या. एक, बसताना लक्ष भरकटल्याचे किती वेळा कळले. दोन, त्याच संध्याकाळी इतिहासाचे पुस्तक वाचताना किती ओळींनंतर मान वर झाली. पहिला आकडा सुरुवातीला वाढतो आणि पालक घाबरतात. ते चांगले लक्षण आहे: लक्ष आधीही भरकटत होते, आता ते कळू लागले आहे. दुसरा आकडा फार हळू बदलला. दिवाळीपर्यंत तो परिच्छेदभर टिकू लागला. त्यात वाढत्या वयाचा वाटा किती आणि सरावाचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

मुलाला माणसांत बसून सराव करायचा असेल तर मुंबईत त्याची उत्तम सोय आहे. बोरिवलीकडून गोराईची खाडी बोटीने ओलांडून जाता येणाऱ्या ग्लोबल विपश्यना पॅगोडामध्ये (याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले आणि मधल्या खांबविरहित घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे बसू शकतात) मुलांसाठी आणि किशोरांसाठी आनापानाची लहान शिबिरे होतात. आनापान म्हणजे नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण, आणि शिबिराला शुल्क नसते. आमचा मुलगा डिसेंबरात एका रविवारी गेला. तिथे डोक्यावर काहीही न घालता तो इतर मुलांबरोबर बसला, आणि परतताना बोटीत मला म्हणाला की तिथे मिक्सर नव्हता पण एक मुलगा सारखा खोकत होता.

१०. निगा

मुंबईच्या हवेत हा संच जितका वापरून खराब होतो त्यापेक्षा ठेवून जास्त खराब होतो. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरू शकते, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. भिंगे ऊन गोळा करून आतला पडदा जाळतात. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी उघडा राहिलेला हेडसेट काही मिनिटांत कायमचा डागाळू शकतो. भिंगे फक्त कोरड्या मऊ फडक्याने, मधून कडेकडे पुसायची. सॅनिटायझर किंवा स्पिरिट त्यांना लावायचे नाही. चेहऱ्याचे आवरण प्रत्येक बैठकीनंतर पुसायचे. डोळे आलेले असताना, सर्दी-ताप असताना हेडसेट घालायचा नाही आणि दुसऱ्याला द्यायचाही नाही. मित्र घरी आले की सगळ्यांना एकदा घालून पाहायचा असतो आणि डोळ्यांची साथ अशीच घरोघर पोहोचते.

११. केव्हा थांबावे, केव्हा दुसरीकडे जावे

बैठकीनंतर मूल अधिक अस्वस्थ होत असेल, छातीत धडधडते म्हणत असेल, 'आपण खरे नाही' असे काही बोलत असेल, झोप उडाली असेल, तर हेडसेट आणि ध्यान दोन्ही थांबवा. लक्ष न लागण्याचे कारण झोपेची कमतरता, दिसण्याचा किंवा ऐकण्याचा दोष, एडीएचडी, शाळेतला त्रास यांपैकी काहीही असू शकते आणि त्यांपैकी कशावरही समुद्राचे दृश्य हा उपाय नाही. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलले तर क्षणाचाही विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

दहावीच्या वर्षात हेडसेट नव्याने सुरू करू नका. ज्यांनी नववीत सुरुवात केली आहे त्यांनीही पूर्वपरीक्षेपासून तो बंद ठेवून नुसत्या बसण्यावर राहावे, कारण बोर्डाच्या परीक्षेच्या वर्गात खुर्चीही आपली नसते.

१२. संच पुढे देताना

आधी मुलाच्या खात्यातून संच वेगळा करा, पालक-देखरेख काढा, मग मूळ स्थितीवर आणण्याची आज्ञा द्या आणि पुन्हा सुरू करून नवे खाते मागतो आहे ना, हे पाहा. आम्हाला ज्या चार फेऱ्या पडल्या त्या पुढच्या माणसाला पडू नयेत. बिल, सिलिकॉनचे आवरण आणि चष्म्याची चौकट पेटीतच ठेवा. आमचा संच मे महिन्यात नणंदेच्या मुलीकडे नाशिकला गेला. तिचा पीडी ५९ असल्याने भिंगे पुन्हा अरुंद खुणेवर सरकवली आणि तशी चिठ्ठी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. माझ्या आवाजातली सहा वाक्ये मात्र पाठवली नाहीत. ती तिच्या आईने म्हणायची आहेत.